न खोदता पाइपचं कोटिंग तपासता येतं का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळ्याआधीच्या खोदकामाबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की जमिनीतल्या लोखंडी पाइपवरचं कोटिंग कुठे फाटलंय ते रस्ता न फोडता वरूनच शोधता येतं. त्या एका वाक्यावर ठाणे-नवी मुंबईतून इतके प्रश्न आले की या वेळी दुसरं काही घेतच नाहीये. गच्चीच्या गळतीवाल्यांनी आणि सोलारवाल्यांनी कृपया पुढच्या अंकापर्यंत थांबा. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : आमची घोडबंदर रोडला कासारवडवलीत बऱ्यापैकी मोठी सोसायटी आहे. फायर हायड्रंटची लाइन जमिनीखालून सगळ्या विंगना फिरते. जॉकी पंप, म्हणजे लाइनचं प्रेशर टिकवून ठेवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद होतो, खोदून क्लॅम्प मारले की थोड्या दिवसांनी दुसरीकडे फुटतं. आता एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कोटिंग सर्व्हे करतो, न खोदता सगळे खराब स्पॉट दाखवतो. कोटेशन भारी आहे, एजीएममध्ये दोन तट पडलेत. असं खरंच काही असतं का?

असतं. याची पहिली पद्धत, पिअर्सन सर्व्हे, 1940च्या दशकातली आहे, आणि आज तेल-गॅसच्या लांब लाइनवर हे काम नेहमीचं झालंय. पण तुमच्या सोसायटीत ते चालेल का हा वेगळा प्रश्न, आणि कॉन्ट्रॅक्टरने तो तुमच्यासमोर काढलेला दिसत नाही.

आधी हे समजून घ्या की यातलं कुठलंच यंत्र गंज बघत नाही आणि भोकही बघत नाही, ते फक्त करंट बघतं. पाइपला करंट देतात, कोटिंग धड असेल तिथे तो मातीत जाऊ-येऊ शकत नाही, कोटिंग फाटलेलं असेल तिथे धातू आणि मातीमध्ये रस्ता मिळतो आणि त्या जागेभोवतीच्या मातीत व्होल्टेजचा चढउतार तयार होतो, तो वर जमिनीवर दोन काठ्या टेकवून मोजता येतो. संपूर्ण खेळ एवढाच. म्हणजे पाइप धातूचा आणि सलग हवा, बाकीचं कोटिंग शाबूत हवं, आणि करंटला पळायला दुसरी सोपी वाट असता कामा नये.

तुमचं घोडं या शेवटच्या अटीवर अडणार. हायड्रंटची लाइन पंपाला जोडलेली, पंप अर्थिंगला जोडलेला, प्रत्येक विंगमध्ये रायझर वर जातो आणि ब्रॅकेटमधून कुठे ना कुठे आरसीसीच्या सळईला टेकतो. पोडियम असेल तर मातीच्या खाली स्लॅबचं स्टील आहेच. अशा लाइनला करंट दिला की तो कोटिंगच्या फाटलेल्या जागेची वाट कशाला बघेल, तो सरळ बिल्डिंगच्या पायात उतरतो. मग काटा सगळीकडे बिल्डिंगकडेच झुकतो, रिपोर्टमध्ये वीस लाल ठिपके येतात आणि त्यातले पंधरा खोदल्यावर कोटिंग ठणठणीत निघतं.

आणि तुमचा पाइप इतक्या लवकर सडतोय त्यामागेही बहुतेक हीच भानगड आहे. काँक्रीटमधलं स्टील अल्कलीमुळे शांत बसलेलं असतं, कॉपर सल्फेटच्या हाफसेलवर (मातीला टेकवायची, व्होल्टेजच्या तुलनेसाठीची नळी) साधारण -200 मिलिव्होल्ट दाखवतं, तर मातीतलं चांगलं स्टील -500 ते -800 च्या आसपास. दोघं एकमेकांना जोडलेले असले की ही सेल चालू, आणि त्यात गंजायचं काम मातीतल्या पाइपच्या वाट्याला येतं. वर पाइपची फक्त कोटिंग फाटलेली टिकलीएवढी जागा उघडी आणि समोर अख्ख्या फाउंडेशनचं स्टील, म्हणजे सगळा मार त्या टिकलीवर. म्हणून तुम्ही एक क्लॅम्प मारता आणि थोड्या दिवसांनी पुढची टिकली फुटते.

आता काय करायचं. पहिलं, जॉकी पंप सारखा चालू होतो म्हणजे जमिनीखालीच गळतंय असं धरून चालू नका. पंपाजवळचा एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नीट बंद होत नसेल तर पाणी गुपचूप परत टाकीत जातं आणि लक्षण अगदी हेच दिसतं, आणि ते बघायला कुदळ लागत नाही, पंप रूममध्ये डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनचा गेज बघा, प्रेशर टिकलं तर दोष पंपाकडे. नाही टिकलं तर विंगवार सेक्शन व्हॉल्व्ह बंद करत जा आणि कुठला तुकडा प्रेशर सोडतो ते पकडा. त्या तुकड्यात गळती ऐकणारं यंत्र किंवा ट्रेसर गॅस वापरून नेमकी जागा मिळते. ट्रेसर गॅस म्हणजे 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजन, लाइन रिकामी करून भरतात, पेटत नाही आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीतून वर येतो.

कोटिंग सर्व्हे करायचाच असेल तर कॉन्ट्रॅक्टरला एकच विचारा, लाइन पंप रूमपासून आणि रायझरपासून इलेक्ट्रिकली तोडणार कशी? उत्तरात इन्सुलेटिंग गास्केट, बोल्टला स्लीव्ह आणि वॉशर असं काही आलं तर माणसाला काम कळतं, कारण नुसतं गास्केट टाकून उपयोग नाही, बोल्ट दोन्ही फ्लँज जोडून टाकतात. उत्तर आलं नाही तर कोटेशन परत द्या. आणि हे काम चालू असताना हायड्रंट बंद राहतो, तेव्हा एका वेळी एकच तुकडा घ्या आणि वॉचमनपासून कमिटीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.

माझं मत विचाराल तर इतक्या वेळा फुटलेल्या लाइनवर सर्व्हेचा खर्च करू नका. जिथे बेसमेंट आहे तिथे लाइन सीलिंगला टांगा, जिथे नाही तिथे कंपाउंडच्या भिंतीकडेने सपोर्टवर वरून घ्या. दिसायला वाईट दिसेल, लँडस्केपवाले मेंबर ओरडतील, पण गळलं तर डोळ्याला दिसेल. रस्ता ओलांडायचा तेवढाच भाग जमिनीत ठेवा आणि त्याला नीट प्रायमर मारून कोलटारची टेप गुंडाळून घ्या, आयएस 10221 मध्ये याची पूर्ण पद्धत दिलेली आहे, आणि माती टाकायच्या आधी स्पार्क टेस्टर फिरवून घ्या, जिथे कोटिंगला भोक तिथे ठिणगी पडते. हायड्रंटचं काम करणारे बरेच जण ही टेस्ट गाळतात, कारण कोणी मागत नाही.

प्रश्न : कोपरखैरणेत सकाळी दोन माणसं दोन काठ्या टेकवत फुटपाथवरून चालली होती आणि मागे बारीक तांब्याची तार सोडत गेली. गॅसची लाइन लीक आहे का? शेजारच्या मुलांनी ती तार गुंडाळून घरी नेली.

लीक नाही. लीक शोधणाऱ्यांच्या हातात गॅस हुंगणारा डिटेक्टर असतो, काठ्या नसतात. तुम्ही बघितला तो पाइपच्या सुरक्षेचा सर्व्हे, आणि ती तार म्हणजे त्यांच्या मीटरचं एक टोक, ते टेस्ट पोस्टमध्ये, म्हणजे पाइपची वायर वर काढून ठेवलेल्या खांबात, पाइपला जोडलेलं असतं, दुसरं टोक काठीतून मातीत. तार तुटली की मीटरला काही दिसत नाही आणि माणूस किलोमीटरभर मागे चालत येतो, उन्हात. मुलांना सांगा. काम झाल्यावर तार गोळा करून न्यायची जबाबदारी टीमची आहे, ते करत नसतील तर तुम्ही ओरडा, कारण तीच तार कुत्र्याच्या पायात आणि स्कूटरच्या चाकात जाते.

जाता जाता, तुमच्या गल्लीतली घरगुती गॅसची लाइन बहुतेक पिवळ्या प्लास्टिकची, एमडीपीईची असणार, तिला गंज लागत नाही आणि हा सर्व्हेही लागत नाही. हे सगळं मोठ्या प्रेशरच्या स्टील लाइनसाठी. गॅसचा वास आला तर मात्र सर्व्हेबिर्व्हेचा विचार करायचा नाही, स्विचला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला फोन.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, डिप्लोमा मेकॅनिकल झालंय, एका सर्व्हे कंपनीत इंटरव्ह्यू आहे. डीसीव्हीजी आणि सीआयपीएसमध्ये फरक काय आणि इंटरव्ह्यूत काय विचारतील?

अभिनंदन, फार कमी पोरं या लाइनला येतात आणि आलेली टिकत नाहीत कारण चालावं लागतं.

आधी पाया. स्टील पाइपला कोटिंग करूनही शंभर टक्के झाकला जात नाही, वेल्डिंगच्या जॉइंटवर साइटवर केलेलं कोटिंग कच्चं राहतं, बॅकफिलमधला दगड लागतो, नंतर कोणाच्या तरी जेसीबीचा दात लागतो. म्हणून उघड्या राहिलेल्या जागांसाठी कॅथोडिक प्रोटेक्शन, सीपी देतात, म्हणजे रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणारा डबा) जमिनीत पुरलेल्या अॅनोडमार्फत मातीत डीसी करंट सोडतात आणि तो पाइपच्या उघड्या जागेवर येऊन तिला कॅथोड, म्हणजे न गंजणारी बाजू, बनवून ठेवतो. ही कल्पना मूळची जहाजांची, हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये ब्रिटिश नेव्हीच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला लोखंड आणि जस्त जोडून बघितलं होतं. गॅसच्या पाइपला रेक्टिफायर लावला रॉबर्ट कून यांनी, 1928 साली न्यू ऑर्लिअन्समध्ये, आणि -850 मिलिव्होल्टचा आकडाही त्यांचाच. हा आकडा कॉपर सल्फेट हाफसेलच्या तुलनेत असतो हे बोलताना विसरू नकोस, नुसतं -850 म्हटलं की समोरचा लगेच विचारणार, कशाच्या तुलनेत?

आता सीआयपीएस, म्हणजे क्लोज इंटरव्हल पोटेन्शियल सर्व्हे. पाइपच्या डोक्यावरून चालत, दर मीटर-दोन मीटरला हाफसेल टेकवून पाइप आणि मातीमधलं पोटेन्शियल नोंदवायचं, रेक्टिफायर जीपीएसच्या वेळेवर सगळे एकदम चालू-बंद होत असतात, त्यामुळे प्रत्येक जागी ऑन आणि ऑफ असे दोन आकडे मिळतात. ऑफ का घ्यायचा, तर करंट चालू असताना मातीतला व्होल्टेज ड्रॉप आकड्यात मिसळतो आणि पाइप आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटतो. बंद केल्याच्या लगेच नंतरचा आकडा खरा. ऑफ -850 किंवा त्याहून जास्त निगेटिव्ह असेल तर ठीक, ऑक्सिजन नसलेल्या मातीत सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया असतील तर -950 धरतात, आणि -1200 च्या पलीकडे गेलं तर उलट कोटिंगच सुटायला लागतं, म्हणजे जास्त करंट दिला की जास्त चांगलं असंही नाही.

डीसीव्हीजीत, म्हणजे डायरेक्ट करंट व्होल्टेज ग्रेडियंट सर्व्हेत, पाइपला तार जोडून चालावं लागत नाही. दोन हाफसेल हातात, मध्ये मीटर, त्याचा काटा मधोमध शून्यावर. इथेही रेक्टिफायर चालू-बंद होत असतो म्हणून काटा ठोके देतो आणि ते ठोके आपल्याच करंटचे आहेत हे ओळखता येतं. पाइपवरून चालत गेलास की दोष जवळ आल्यावर काटा त्या दिशेला झेप घ्यायला लागतो, ओलांडून पुढे गेलास की उलटा फिरतो. मागे येऊन दोन्ही हाफसेलच्या बरोबर मध्ये दोष आणायचा, काटा शांत. मग पाइपला काटकोनात हेच करायचं. दोन रेघा छेदतात तिथे खुंटी मारायची, नीट केलं तर हातभर अंतरात जागा मिळते. ही पद्धत जॉन मुल्व्हनी या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरची, ते टेलिकॉममधून आलेले होते.

म्हणजे डीसीव्हीजी सांगतं कोटिंग कुठे फाटलंय, सीआयपीएस सांगतं तिथे सीपी पुरतंय का. एकाशिवाय दुसरं अर्धवट आहे, कारण फाटलेलं कोटिंग पण भरपूर सीपी अशी जागा वर्षानुवर्षं काही न होता राहू शकते, आणि लहानसं भोक पण सीपी पोचत नाही अशी जागा आधी फुटते.

गणित नक्की विचारतील, टक्के आयआरचं, म्हणजे दोषाजवळच्या मातीतला व्होल्टेज ड्रॉप पाइपच्या फरकाच्या किती टक्के. समज दोन टेस्ट पोस्टवर ऑन-ऑफचा फरक 500 आणि 300 मिलिव्होल्ट आहे आणि दोष बरोबर मध्यावर सापडला, म्हणजे तिथे पाइपचा फरक सरळ हिशेबाने 400 धरायचा. आता दोषाच्या डोक्यापासून बाजूला चालत जायचं, प्रत्येक टप्प्याचा ग्रेडियंट (दोन हाफसेलमधला फरक) मिळवत जायचं, काटा हलायचा थांबेपर्यंत. बेरीज आली 100, तर 100 भागिले 400, 25 टक्के. 15 पर्यंत किरकोळ, 16 ते 35 दुरुस्तीच्या यादीत पण घाई नाही, 36 ते 60 दुरुस्ती करायची, 61 च्या वर लगेच खोदायचं. पण हा टक्का म्हणजे भोकाचा साइझ असं बोलून बसू नकोस. मातीचा रेझिस्टन्स, पाइपची खोली, अॅनोड किती लांब, सगळं त्यात मिसळलेलं असतं. शिवाय काटा रेक्टिफायर ऑन असताना आणि ऑफ असताना कुठल्या दिशेला आहे हेही लिहायचं, ज्या जागी सीपी चालू असतानाही करंट पाइपमधून बाहेर पडतोय ती जागा टक्का कमी असला तरी यादीत सगळ्यात वर घ्यायची.

यातून न दिसणारी गोष्टही विचारतील, आणि हा प्रश्न चांगल्या इंटरव्ह्यूत हमखास येतो. कोटिंग फाटलेलं नाही पण पाइपपासून सुटून फुगलंय, जॉइंटवरच्या स्लीव्हखाली किंवा टेपखाली पाणी शिरलंय, तर आत गंज चालू असतो आणि बाहेरून करंट आत शिरूच शकत नाही, म्हणजे सीपीही तिथे पोचत नाही आणि वरच्या मीटरलाही काही कळत नाही. त्यासाठी खोदून बघणं किंवा लाइनच्या आतून इंटेलिजंट पिग, म्हणजे भिंत मोजत जाणारं यंत्र, पाठवणं, एवढेच मार्ग. वरून केलेला सर्व्हे हा मुळात खोदायला जागा निवडण्यासाठी असतो. ईसीडीए (एक्स्टर्नल करोजन डायरेक्ट असेसमेंट), म्हणजे बाहेरच्या गंजाच्या तपासणीच्या पद्धतीचे चार टप्पे पाठ कर : आधीची माहिती गोळा करणं, वरून सर्व्हे, निवडलेल्या जागी खोदून प्रत्यक्ष बघणं, आणि मग त्यावरून पुढची मुदत ठरवणं.

काही गोष्टी पुस्तकात असूनही पोरं विसरतात. हाफसेलच्या आत कॉपर सल्फेटचे न विरघळलेले खडे दिसले पाहिजेत, नाहीतर द्रावण पातळ झालंय आणि आकडे सरकतात. सकाळी निघताना दोन हाफसेल एकमेकांशी तपासायचे, फरक 5 मिलिव्होल्टच्या आत हवा. आणि हाफसेलच्या पारदर्शक नळीवर सरळ ऊन पडलं तरी आकडा बदलतो, काळी टेप लावून झाकून घे. डांबरी रस्त्यावर आणि पेव्हर ब्लॉकवर नुसतं टेकवून काही मिळत नाही, कडेच्या मातीत जा नाहीतर बारीक होल पाडून पाणी टाक. ठाण्या-नवी मुंबईत हे रोजचंच आहे, सगळ्या लाइन रस्त्याखाली आणि सगळे रस्ते काँक्रीटचे होत चाललेत.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत युनिट आहे. कूलिंग वॉटरची जमिनीतली एमएस (माइल्ड स्टील) लाइन जुनी आहे, मधला गळका तुकडा बदलून नवीन टाकला. नवीन तुकडाच आधी फुटला. पाइपवाल्याने माल हलका दिला का?

माल हलका असायची गरजच नाही. जुन्या पाइपवर गंजाचा थर चढलेला असतो आणि तो नव्या चकचकीत स्टीलच्या मानाने कॅथोड होतो, दोघं वेल्डिंगने जोडलेले, माती ओली, मग नवा तुकडा अॅनोड, म्हणजे गंजणारी बाजू, होऊन जुन्याची सेवा करतो. पंपहाउस असो की तुमची कूलिंग लाइन, हे जगात सगळीकडे होतं आणि सगळीकडे पाइपवाल्यालाच शिव्या बसतात.

याहून विचित्र म्हणजे, पुढच्या वेळी शहाणपण करून फक्त नव्या तुकड्याला भारी कोटिंग केलंत तर तो अजून लवकर फुटू शकतो. कोटिंगमध्ये एखादं भोक राहणारच, आणि मग पूर्वी तुकड्यावर पसरलेला करंट सगळा त्या भोकातून जाणार. हिशेब सांगतो, 1 अँपिअर डीसी करंट वर्षभर स्टीलमधून बाहेर पडत राहिला तर साधारण 9 किलो लोखंड जातं. तुमच्याकडे करंट त्याच्या शंभराव्या भागाइतका जरी असला तरी पाइपच्या भिंतीत एक भोक पाडायला किती ग्रॅम लागतात ते बघा.

करायचं काय, तर नवा तुकडा इन्सुलेटिंग फ्लँजने जुन्यापासून तोडा, कोटिंग करा आणि त्याला मॅग्नेशियमचे अॅनोड जोडा, ते जिप्सम-बेंटोनाइटच्या पिशवीत भरून येतात, रेक्टिफायर लागत नाही. टाकायच्या आधी मातीची रेझिस्टिव्हिटी चार खुंट्यांनी मोजून घ्या. 10 ओहम-मीटरच्या खाली आली तर माती फार खाणारी आहे असं धरतात. तुमच्या पट्ट्यात एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी, त्यामुळे एकाच लाइनचा वरचा भाग मुरुमात आणि खालचा खाऱ्या चिकणमातीत असं सर्रास असतं, आणि तेवढ्यानेही सेल बनते, हवा कमी मिळणारा चिकणमातीतला भाग सडतो. लाइन खाडीकडे जात असेल तर खालच्या टोकापासून मोजायला सुरुवात करा.

आणि खोदायच्या आधी, फॅक्टरीच्या गेटबाहेर खोदणार असाल तर, केंद्र सरकारचं कॉल बिफोर यू डिग अॅप 2023 पासून आहे, त्यावर नोंद टाका. तुमच्या लाइनच्या शेजारून कोणाची गॅसची लाइन जाते हे जेसीबीने शोधू नका.

प्रश्न : कळव्याला राहतो. आमचे काका सांगायचे रेल्वेजवळचे पाइप करंटने सडतात. खरं का? आणि हाय टेन्शन टॉवरजवळच्या पाइपलाइनच्या टेस्ट पोस्टला हात लागला तर झिणझिण्या येतात असं एक फिटर म्हणाला.

काकांच्या काळात खरं होतं. मुंबईची लोकल 1925 पासून 1500 व्होल्ट डीसीवर होती, परतीचा करंट रुळातून यायचा आणि थोडा मातीत उतरून जवळच्या पाइपमधून फिरत सबस्टेशनजवळ बाहेर पडायचा, जिथे बाहेर पडायचा तिथे पाइप जायचा. 2016 पर्यंत सगळ्या लोकल मार्गांवर 25 हजार व्होल्ट एसी आलं आणि तो त्रास संपला. त्या काळात टाकलेल्या जुन्या पाइपला झालेली इजा मात्र अजून जमिनीत असू शकते.

फिटरचंही खरं आहे. टॉवरच्या लाइनला समांतर बराच लांब जाणारा, चांगलं कोटिंग असलेला पाइप असेल तर त्यात एसी व्होल्टेज इंड्यूस होतं, आणि गंमत म्हणजे कोटिंग जितकं उत्तम तितकं व्होल्टेज जास्त, कारण ते मातीत उतरायला जागाच नसते. 15 व्होल्टच्या वर गेलं तर हात लावायचा नाही आणि अर्थिंगची सोय करायची असा नियम पाळतात. रबरी बूट, हातमोजे, आणि क्लिप लावायच्या आधी मीटरने एसी बघायचं. पावसाळ्यात वीज कडकडत असताना तर टेस्ट पोस्ट उघडायचीच नाही, सुपरवायझर कितीही मागे लागला तरी.

प्रश्न : जीपीआर मशीनने कोटिंग दिसतं का? कमी खर्चात होईल.

नाही. जीपीआर, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडणारं यंत्र, पाइप कुठे आहे आणि किती खोल आहे ते सांगतं, तेही कोरड्या मातीत. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात तर सिग्नल थोड्याच खोलीवर मरतो.

प्रश्न : नेरुळला मोरबे धरणाचं पाणी येतं. पालिकेच्या पाण्याच्या मोठ्या लाइनवर हा सर्व्हे करता येतो का? आमच्या सेक्टरमध्ये लाइन वारंवार फुटते.

लाइन कशाची आहे त्यावर आहे. वेल्डिंग केलेली एमएसची लाइन असेल तर येतो, गॅसच्या लाइनसारखाच. डीआयची, म्हणजे डक्टाइल आयर्नची असेल तर तिचे जॉइंट रबरच्या रिंगवर बसलेले असतात, करंट एका पाइपातून पुढच्या पाइपात जातच नाही, त्यामुळे प्रत्येक जॉइंटला केबलने जोडल्याशिवाय काही मिळणार नाही. पीव्हीसी किंवा एचडीपीई असेल तर प्रश्नच मिटला.

सीपी नसलेल्या एमएस लाइनवरही करता येतं, तात्पुरता ट्रान्समीटर लावून. एक टोक पाइपला, एक लांब जमिनीत, फ्रिक्वेन्सी 4 हर्ट्झच्या आसपास, आणि मग वरून चालत पाइपमधला करंट कुठे अचानक कमी होतो ते बघतात, तिथे ए आकाराची फ्रेम टेकवून नेमकी जागा काढतात. कोटिंग सगळीकडेच खराब असेल तर करंट पहिल्या थोड्या अंतरातच संपून जातो, आणि तेही एक उत्तरच आहे, कारण मग एकेक जागा शोधत बसण्यापेक्षा तेवढी लाइन बदलणं स्वस्त पडतं.

पण वारंवार फुटण्यामागे नेहमी गंजच असतो असं नाही. फुटलेल्या तुकड्याचा फोटो पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये मागा, म्हणजे काढलेला पाइप बाहेरून खड्डे पडून झिजलाय, आतून झिजलाय की नुसता तडकलाय ते कळेल. बाहेरून खड्डे पडले असतील तरच कोटिंग सर्व्हेची मागणी करा. आतून झिजला असेल तर ते आतल्या सिमेंटच्या अस्तराचं काम आहे, आणि तडकला असेल तर खालची माती बसलीय किंवा वरून डंपर जातायत, त्याला कोटिंगवाला काही करू शकत नाही.